चिकणमातीवरचा कोबा

मोल्दोव्हातल्या आमच्या लुतोआसा गावात मार्च लागला की कुणाच्याच अंगणाचं फाटक धड बंद होत नाही. दोष सुताराचा नसतो, मातीचा असतो. आमची माती चिकण. उन्हाळ्यात तिला मनगटापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात, शरदातल्या पावसात ती पोट फुगेपर्यंत पाणी पिते, आणि थंडीत ते पाणी गोठलं की खांब, पायऱ्या, उंबरे सगळं उचलून धरते. वसंतात पुन्हा खाली सोडते, पण होतं तिथं ठेवत नाही. माझी बायको लुबा म्हणते, ही माती तुमच्यासारखीच आहे, एकदा फुगली की कुणाचं ऐकत नाही. बायकोचं म्हणणं मी मनावर घेत नाही, पण खोटं आहे असंही म्हणत नाही.

मी सावा. बारा वर्षं मॉस्कोत गोदामांचे कोबे केले. गुडघा कामातून गेला तेव्हा परत आलो. सिमेंट ओतायचं आणि सपाट करायचं, झाला कोबा, असं ज्याला वाटतं त्याच्याशी मी बोलत नाही. त्यामुळं गावात फार थोड्या लोकांशी बोलतो.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आग्रिपिनामावशीची रायसा इटलीहून परत आली. नऊ वर्षं ती तिकडे ओत्ताविया नावाच्या एका म्हातारीचं सगळं करत होती. न्हाऊ घालायची, भरवायची, हात धरून चालवायची. इकडे तिची स्वतःची आई चौऱ्याहत्तर वर्षांची, एकटी, विहिरीचं पाणी ओढायची. आमच्याकडे हे इतकं घरोघरी झालंय की त्याला कुणी दुःखसुद्धा म्हणत नाही. नुसतं ‘इटलीला आहे’ म्हणतात आणि पुढच्या विषयावर जातात.

रायसाला बेकरी काढायची होती. गावात पाव येतो तो शहरातून गाडीनं, आणि पोचेपर्यंत शिळा होतो. नऊ वर्षांत जे साठलं ते तिनं एका विटांच्या भट्टीसाठी घातलं होतं. जागाही होती. बापाची तंबाखू वाळवायची शेड मागच्या अंगणात रिकामी पडली होती. पण भट्टीवाल्यानं अट घातली. भट्टीचं वजन दोन टन. जमीन बोटभर हलली तरी भट्टी तडकते. तेव्हा एकदा कडक थंडी पडू दे, त्यानंतरही जमीन जागेवर आहे असं मी माझ्या डोळ्यांनी बघेन, मगच भट्टी आणेन. शेडची जुनी जमीन म्हणजे नांगरटच होती. आणि तिकडे ओत्तावियाच्या मुलांनी रायसाला संत निकोलायच्या सणापर्यंत, म्हणजे एकोणीस डिसेंबरपर्यंत मुदत दिली होती. येणार असशील तर सांग, नाहीतर दुसरी बाई बघतो.

रायसानं मला शेडमध्ये नेलं आणि सरळ विचारलं.

“दादा, खरं सांग. ही जमीन हिवाळ्यात जागेवर राहील? राहणार नसेल तर आत्ताच बोल. मी भट्टीचं रद्द करते आणि तिकीट काढते.”

“राहील.”

“सगळे असंच म्हणतात.”

“सगळ्यांचे कोबे बघ. मग माझा बघ.”

मावशी दारात उभी राहून घेवड्याच्या शेंगा सोलत होती. हातातली शेंग तशीच राहिली. मी जायला निघालो तेव्हा तिनं दोन अंडी आणून माझ्या खिशात घातली. तेव्हाच मला कळलं की हा कोबा मी रायसासाठी करत नाहीये.

सप्टेंबरभर खोदलं. चिकणमाती मांडीइतकी खोल काढून टाकली, कारण ती खाली ठेवली की ती पाणी पिणार, फुगणार, आणि वरचं सगळं उचलणार. तिच्या जागी नदीची गोटेरी खडी, वीतभर टाकायची, धुम्मस मारून बसवायची, पुन्हा वीतभर टाकायची. बाहेरून शेडभोवती चर खणून भोकांचा पाइप टाकला, म्हणजे पावसाचं पाणी उताराकडे निघून जाईल. खडीवर जाड थर्माकोलचे तक्ते, पायाच्या कडेनंही तेच उभे लावले, म्हणजे गारठा खाली उतरणार नाही. शेजारचा पिंतिली रोज कुंपणावर कोपर टेकून बघायचा. कोबा करतोयस की सासूला पुरतोयस, असं त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं. तुझा उंबरा दर वर्षी चार बोटं वर येतो, त्याला पुरायला जागा करतोय, असं मी सांगितलं. तो हसला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं फावडं घेऊन आला.

प्रत्यक्ष ओतायचं काम क्लाकानं करायचं ठरलं. क्लाका म्हणजे सगळं गाव कामाला येतं, कुणी पैसे घेत नाही, आणि घरची बाई सगळ्यांना जेवू घालते. येऊ नका म्हणालो तर सात पिढ्यांचं वैर. पूर्वी क्लाका व्हायची ती मातीच्याच कामाची. चिकणमाती, भुसा आणि शेण पायांनी तुडवून त्यात घागरीमागून घागर पाणी घालायचं, लोण्यासारखं झालं की बायका भिंती लिंपायच्या, जमिनी सारवायच्या. त्यात मावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं सारवलेल्या जमिनीवर अंडं ठेवलं तर घरंगळत नाही, असं माझी आई सांगायची.

आणि नेमकी इथंच माझी पंचाईत होती. आमच्या माणसांच्या हाडात भिनलंय की माल जितका ओला तितका चांगला. सिमेंटचं उलटं. पाणी जास्त झालं की कोबा दिसायला गुळगुळीत, आणि वर्षभरात पिठासारखा उडायला लागतो. म्हणून ऑक्टोबरमधल्या त्या शनिवारी मी सकाळी सातला जाऊन पाण्याच्या पिंपावर बसलो, आणि मिक्सरमध्ये किती डबे पाणी जाणार ते मीच मोजून द्यायला लागलो. पिंतिली म्हणाला, हा माल आहे की परवाची मामालिगा? मामालिगा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, परवाची असली तर ती सुरीनं कापावी लागते. मी म्हणालो, कापून टाक. दोनदा त्यानं माझी पाठ वळलेली बघून डबा उचलला, दोनदा मी त्याच्या हातातून घेतला. लोक हसत होते, शिव्या देत होते आणि फावडी मारत होते. खरं सांगतो, बारा वर्षांत मॉस्कोत एका दिवशी इतकं बरं वाटलं नव्हतं.

मावशी अकराच्या सुमाराला बाह्या सारून आली. हाताला काहीतरी काम दे म्हणाली. मी चिडलेला होतोच. तिला म्हणालो, “मावशी, हे शेणामातीचं सारवण नाही. तू स्वयंपाक बघ. या कोब्यावर मला तुझा हात दिसता कामा नये.” चारचौघांत म्हणालो. ती मान हलवून आत गेली.

दुपारी तीनपर्यंत माल पडला, फळी फिरली, पहिला हात झाला. आता तो जरा धरेपर्यंत थांबायचं आणि मग गुरमाळा मारून शेवटचा गुळगुळीत हात द्यायचा. मॉस्कोत मी या वेळी कोब्याजवळून हलत नसे. पण क्लाकाच्या पंगतीत मिस्त्री बसल्याशिवाय कुणी पेल्याला हात लावत नाही. पहिला पेला त्याचा. तो नाही बसला तर कामाला लागलेले वीस-पंचवीस हात उपाशी राहतात, आणि कामाला दृष्ट लागते असंही म्हणतात. बसलो. कोबीच्या पानात गुंडाळलेले सार्माले होते, वांग्याची भाजी होती, मावशीच्या घरची वाइन होती. एक पेला म्हणता म्हणता तीन झाले. तासभर गेला असेल, जास्तच.

परत शेडमध्ये गेलो तर कोबा चकाकत होता. तळ्यातल्या पाण्यासारखा. मला आधी कळेना. मग दाराशी केरसुणी दिसली, शेजारी पाण्याची रिकामी बादली, आणि आडव्या टाकलेल्या फळीवर गुडघे टेकून मागे मागे सरकत शेवटचा कोपरा उघड्या पंजानं सारवणारी आग्रिपिनामावशी. केरसुणीनं पाणी शिंपडून शिंपडून तिनं सगळा कोबा हातानं चोपून काढला होता.

“मावशी, हे काय केलंस?”

“तोंड खडबडीत होतं रे याचं,” ती म्हणाली. “यावर रायसाची भट्टी उभी राहणार. अशा तोंडानं कशी उभी राहील?” तिला दम लागला होता आणि ती खूश होती.

आमच्या जिभेला हाड नाही. माझ्या तर मुळीच नाही. मी पंगतीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “आता घे. हा वरचा थर हिवाळ्याआधीच सुटेल. तुझ्या या हातांनीच तू पोरीला परत इटलीला धाडलंस.” गुरमाळा तिथंच भिरकावला आणि लंगडत घरी निघून आलो.

मावशीचा चेहरा मी बघितला नाही. बघायची हिंमत नव्हती, असं आता म्हणतो. तेव्हा मी त्याला राग म्हणत होतो.

रविवारी दिवसभर खाटेवर पडून राहिलो. बाहेर पूर्वेकडून कोरडा वारा सुटला होता. ताज्या कोब्याला असा वारा म्हणजे विषच. कोबा वरून झपाट्यानं वाळतो, आतून कच्चा राहतो आणि तडकतो. ओतल्या संध्याकाळीच त्याला झाकायला हवं होतं, ओला ठेवायला हवा होता. ते काम माझं होतं. ते न करता मी रुसून बसलो होतो. संध्याकाळी रेडिओवर सांगितलं की पहाटे उणे चार. कच्चा कोबा गोठला की संपला. मग वरचा थर काय आणि खालचा काय, सगळंच फोडून टाकावं लागतं.

सोमवारी सकाळी लुबानं चहा माझ्यासमोर आपटला. म्हणाली, “म्हातारीनं वरचा थर बिघडवला असेल. बाकीचा कोण बिघडवतंय?”

मी कोट घातला आणि निघालो. गवतावर पांढरं दहिवर गोठलं होतं, पायाखाली कुरकुरत होतं. वाटेत मी मनातल्या मनात रायसाला काय सांगायचं ते जुळवत होतो, आणि काही जुळत नव्हतं.

शेडचं दार उघडलं. कोबा दिसतच नव्हता. भिंतीपासून भिंतीपर्यंत गव्हाचा पेंढा पसरला होता, गुडघाभर. मी वाकून हात आत घातला. पेंढ्याखाली प्लास्टिकचा कागद, त्याखाली गोणपाट, ओलं. आणि त्याखाली कोबा. ऊबदार. सिमेंट धरताना स्वतःची ऊब सोडतं, ती सगळी तिथंच कोंडलेली होती. मी हात तसाच ठेवून कितीतरी वेळ ओणवा राहिलो. मला रडू आलं हे लिहायला लाज वाटत नाही. त्या दिवशी लाज वाटायला दुसरं पुष्कळ होतं.

मागून रायसा आली. ती माझ्याशी बोलणार नाही असं वाटलं होतं, पण बोलली. परवा मी निघून गेल्यावर पंगत तशीच मोडली. आईनं घरातली, शेजारची, सगळी गोणपाटं गोळा केली, भिजवून अंथरली. तंबाखूवर टाकायचे प्लास्टिकचे कागद माळ्यावर होते ते काढले. पिंतिलीनं त्याच्या गाईचा पेंढा आणून दिला. काल वाऱ्यात आईनं तीनदा कागद उचलून गोणपाटांवर पाणी मारलं, कोमट करून.

“तिला कुणी सांगितलं हे?” मी विचारलं.

“तूच विचार ना.”

मावशी चुलीपाशी बसली होती. दोन्ही हात फडक्यात गुंडाळलेले, हंसाची चरबी लावून. उघड्या हातानं ओलं सिमेंट चोळल्यावर कातडं जळतं, हे मला माहीत होतं. मी तिला ते शनिवारी सांगितलं नव्हतं. हात लावू नको एवढंच सांगितलं होतं, का लावू नको ते नाही. फडक्याच्या कडेतून बोटांची टोकं दिसत होती, सोललेली.

मी समोर बसलो. माफी मागायची माझ्या घराण्यात रीत नाही. शेवटी म्हणालो, “मावशी, झाकायचं तुला कसं सुचलं?”

“सुचायचं काय त्यात?” ती म्हणाली. “शरदात सारवलेली जमीन आम्ही अशीच ठेवायचो. ओल्या अंगाला वारा लागला तर पोर आजारी पडतं. माती असो की तुझं सिमेंट असो.” मग म्हणाली, “वरचं बिघडवलं मी. ते कळलं मला. पण खालचं तरी वाचतं का बघावं म्हटलं.”

“चुकलो मी,” मी म्हणालो. “दोष तुझ्या हातांचा नव्हता. माझ्या तोंडाचा होता.”

“ते तर सगळ्या गावाला माहीत आहे,” मावशी म्हणाली. “चहा घेतोस?”

पुढचे दोन आठवडे मी आणि ती मिळून तो कोबा सांभाळला. ती सांगायची गोणपाट वाळलं, मी पाणी मारायचो. ती सांगायची आज गारठा वाढणार, मी पेंढा वाढवायचो. एकदाही तिचं चुकलं नाही. मला मॉस्कोत यासाठी थर्मामीटर द्यायचे.

पेंढा काढला तेव्हा वरच्या थरावर खिळा ओढून बघितला. पीठ निघालं, म्हटलं होतं तसंच. पण बोटाच्या पेराएवढंही खोल नाही. त्याखाली खिळा नुसता किंचाळत होता, ओरखडा उठत नव्हता. एकही भेग नाही. जिल्ह्याच्या गावाहून घासायचं यंत्र आणलं आणि तीन दिवस ती पांढरी साल काढली. शेडमधून बाहेर आलो की मी आणि पिंतिली दोघंही गिरणीवाल्यासारखे दिसायचो. सालीखालून नदीचे गोटे वर आले, कापलेले, करडे, तांबूस, एखादा हिरवा. वर टणकपणा येण्यासाठी औषधाचे दोन हात दिले. इतकी देखणी जमीन मी मॉस्कोतसुद्धा केली नव्हती, आणि ही करायचं माझ्या मनातही नव्हतं.

मग वाट बघायची होती. मला त्याचंच भय वाटत होतं. मी बढाईखोर आहे, पण चिकणमातीशी बढाई चालत नाही. डिसेंबरच्या दहा तारखेला उणे अठरा झालं आणि आठवडाभर तसंच राहिलं. पिंतिलीचा उंबरा वर आला. शाळेच्या पायऱ्या वाकड्या झाल्या. माझं स्वतःचं फाटक लागेना. रायसा रोज शेडमध्ये जायची, दार लोटून बघायची आणि परत यायची. तिच्या पलंगाखाली बॅग अर्धी भरलेली आहे, हे मावशीनं मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

अठरा तारखेला भट्टीवाला आला. कमी बोलणारा माणूस. त्यानं सपाटी मोजायची पाण्याची लेव्हलनळी आणली होती. एक टोक मी धरलं, एक त्यानं. चारही कोपरे बघितले, मधला भाग बघितला, मग भिंतीच्या कडेला बोट घालून कोबा भिंतीपासून सुटा आहे ना, भिंत हलली तर तो ओढला जाणार नाही ना, ते बघितलं. मावशी आणि रायसा दारात उभ्या. त्यानं नळी गुंडाळली, कानाला टोपी ओढली आणि म्हणाला, “केसभर हललेली नाही. परवा भट्टी आणतो.” आणि गेला.

रायसानं भिंतीला पाठ टेकली. मग ती म्हणाली, “कळवते तिकडे. दुसरी बाई बघा म्हणून.”

मला वाटलं आता मावशी हात जोडेल, रडेल, पोरीला कवेत घेईल. नऊ वर्षं ती याच वाक्यासाठी थांबली होती. पण तिच्या कपाळाला आठी पडली.

“मग त्या म्हातारीकडे कोण बघणार?”

“दोन मुलगे आहेत तिला, आई.”

“मुलगे,” मावशी म्हणाली. त्या एका शब्दात तिनं सगळ्या जगातले मुलगे निकालात काढले, मला धरून. “फोन लाव. मी बोलते तिच्याशी.”

“तिला तुझं कळणार नाही. इटालियनशिवाय काही कळत नाही तिला.”

“तू सांग ना तिला. तू कशाला आहेस?”

रायसानं फोन लावला आणि आवाज मोठा करून मधे धरला. पलीकडे एक बारीक, कापरा आवाज आला. मावशी फोनच्या अगदी जवळ गेली, आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यानं, सावकाश बोलली.

“बाई, मी रायसाची आई. माझी पोर आता माझ्याकडे राहणार आहे. तुम्ही रागावू नका. तुमची आबाळ होणार असेल तर सांगा, मी चांगली बाई शोधून पाठवते. आमच्या गावात पुष्कळ आहेत.”

रायसानं ते इटालियनमध्ये सांगितलं. सांगताना तिचा आवाज मधेच गेला, तिनं पुन्हा सुरुवात केली. मग ती म्हातारी बोलू लागली, थांबत थांबत, आणि रायसा ऐकत राहिली, आम्हाला काही सांगेना. मावशीनं तिच्या दंडाला धरून हलवलं.

“काय म्हणते?”

“म्हणते,” रायसा म्हणाली, “नऊ वर्षांत तुमच्या मुलीनं मला एकदाही पडू दिलं नाही. आता ती तुम्हाला धरेल. मला बरं वाटतंय.”

आग्रिपिनामावशीनं ऐकलं. मग त्या कोब्यावर, करड्या-तांबूस गोट्यांवर, ती खाली बसली आणि तोंडाशी डोक्यावरचा रुमाल धरून मोठ्यानं रडली. रायसाही तिच्याजवळ बसली. फोन चालूच होता, पलीकडची म्हातारी काहीतरी विचारत होती, आणि त्याचं उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती. शेवटी फोन मीच उचलला. मला इटालियनचा एक शब्द येत नाही. तेव्हा आमच्याच भाषेत तिला सांगितलं की सगळं ठीक आहे बाई, जमीन पक्की आहे.